तोंड झाकून आणलेला लॅपटॉप

या गो, जरा अशा जवळ या. घर तुमचं, पाहुणी मी, आणि दारात तुम्ही काय उभ्या राहिलात परक्यासारख्या? आणि तो फोन उपडा ठेवा आधी. माणूस बोलत असताना त्याच्या तोंडाकडे बघावं, एवढंही विसरलात काय? लॅपटॉपची गोष्ट सांगते म्हटल्यावर गालातल्या गालात हसलात, ते बघितलं मी. म्हातारी बाई, जन्मभर गणपती रंगवलेले, हिला त्यातलं काय कळणार, असंच ना? बरोबर आहे. नव्हतंच कळत. कळत असतं तर त्या शुक्रवारी माझ्या काळजाचं पाणी झालं नसतं.

आमचं घर पेणजवळ, हमरापूरच्या अंगाला. घराला लागून कारखाना. तुम्हाला कारखाना म्हटलं की धूर आणि भोंगा आठवेल. आमच्याकडे कारखाना म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड आणि तिच्यात फळ्यांवर ओळीने बसलेले गणपती, कोणी पांढरे, कोणी अर्धे रंगलेले, कोणी नुसतेच धड. लग्न होऊन आले तेव्हा सासूने हातात ब्रश दिला, तो अजून सुटलेला नाही. मी आखणी करते, म्हणजे डोळे काढते. बाकीचा रंग घरातलं कोणीही लावतं, डोळे मात्र एका हाताचेच लागतात. शाळा माझी चौथीला सुटली. पुढे वाचायला शिकले ते मूर्ती गुंडाळायच्या रद्दीवर. अर्धी बातमी एका गणपतीबरोबर दादरला गेली की उरलेली अर्धी मी मनानेच पुरी करायची.

सून माझी रोह्याची. लग्नाआधी पनवेलला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. नात झाली आणि नोकरी सुटली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. दुपारी पोर झोपली की शेडमध्ये येऊन माझ्याजवळ बसायची आणि मुकुटांना सोनेरी रंग लावून द्यायची. हात चांगला, पण मन तिथे नसायचं. एकदा तर तिने एकाच गणपतीचा मुकुट दोनदा रंगवला. त्या दिवसापासून मला ती मूर्ती दिसली की वाईट वाटायचं.

शिमगा जवळ आला होता तेव्हाची गोष्ट. ती फोन घेऊन धावतच शेडमध्ये आली. घरी बसून करायचं काम मिळालं होतं, पगाराचं. दुसऱ्यांनी बनवलेले प्रोग्राम चालवून बघायचे आणि त्यातल्या चुका शोधायच्या. अट एकच, मशीन स्वतःचं हवं आणि ते लिनक्सवर चालणारं हवं. कामाचा पहिला दिवस सोमवार ठरला होता. त्या सकाळी पडद्यावर सगळ्यांची हजेरी होणार, प्रत्येकाचं मशीन तपासणार. ज्याचं तयार नसेल त्याची जागा मागच्या माणसाला. मागे पुष्कळ माणसं उभी आहेत, असं ती म्हणाली. पोर लहान असलेल्या बाईला परत कामावर घेणारं दुसरं कोणी तिला अजून भेटलं नव्हतं, हे ती म्हणाली नाही, पण मला माहीत होतं.

आमचे हे म्हणाले, त्यात काय, पेणच्या बाजारात जाऊ आणि चांगला बघून एक घेऊ. तेव्हा तिने आम्हाला समोर बसवून समजावलं. लॅपटॉप म्हणजे नुसतं यंत्र. त्याच्या आत एक कारभारी लागतो, जो पडदा, कळा, आवाज, सगळ्यांकडून काम करून घेतो. बहुतेक लॅपटॉपांत हा कारभारी कुठल्या तरी कंपनीचा विकतचा असतो आणि तो कसा बनवलाय ते बाहेरच्या कोणाला बघता येत नाही. लिनक्स हीसुद्धा कारभारीच, पण उघडी. कोणीही बघावी, कोणीही न्यावी, चूक दिसली तर दुरुस्त करून परत आणून द्यावी. पैसे नाहीत.

मी विचारलं, "फुकट?"

"व्हय, आई."

"मग बनवणाऱ्याला काय मिळतं?"

काहींना पगार मिळतो, ती म्हणाली, आणि बाकीचे आवडतं म्हणून करतात.

माझा ब्रश हातातच राहिला. तुम्हाला त्यात एवढं काय वाटलं नसेल, पण तुम्ही आमच्या गावात राहिलेल्या नाहीत. आमच्याकडे साचा ही काय चीज आहे ते ऐका. नवीन मूर्ती घडवली की तिचा साचा काढतात आणि त्या एका साच्यावर घर वर्षानुवर्षं चालतं. शेजारच्या कारखान्यातला माणूस चहाला आला तर आम्ही नव्या मूर्तीवर गोणपाट टाकतो. साच्यावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं मी बघितलंय; एका भिंतीच्या अलीकडे एक, पलीकडे एक, आणि भिंत सामाईक. आणि ही पोरगी मला सांगत होती की कोणी एकाने आपला साचा भर रस्त्यात उघडा मांडला, न्या म्हणाला, मोडका दिसला तर नीट करा म्हणाला, आणि नीट केलेला परत इथेच आणून ठेवा म्हणाला. असली माणसं जगात आहेत आणि एवढं वय झालं तरी मला त्यांचा पत्ता नव्हता. समोरच्या गणपतीच्या डाव्या डोळ्याखाली रंगाचा थेंब ओघळला, तो नंतर खरवडून काढावा लागला.

पण मग लॅपटॉप कुठलाही चालेल ना, असं आम्हाला वाटलं. नाही. लॅपटॉपच्या आतले भाग वेगवेगळ्यांनी बनवलेले असतात. कोणी भाग बनवणारा आपल्या भागाशी कसं बोलायचं ते जगाला सांगतो, कोणी सांगत नाही. जो सांगत नाही त्याचा भाग लिनक्सला ओळखताच येत नाही. मग कुठे आवाज येत नाही, कुठे झाकण मिटून परत उघडलं की पडदा काळाच राहतो. आणि सगळ्यात जास्त घोळ वायफायचा. वायफाय नाही म्हणजे घरी बसून काम नाही.

पुढचे कितीतरी दिवस ती फोनवर लोकांनी लिहिलेलं वाचत होती. कुठला लॅपटॉप कोणी घेतला, त्यावर लिनक्स घातल्यावर काय चाललं, काय अडलं. शेवटी तिने एक मॉडेल नक्की केलं. त्याशिवाय एक पेनड्राईव्ह तयार केला. त्या बोटाएवढ्या वस्तूत अख्खी लिनक्स भरलेली. विकत घेण्याआधी लॅपटॉपला तो लावायचा आणि लॅपटॉप त्यावरून चालू करायचा. आतलं काहीही न बदलता सगळं चालतंय की नाही ते तिथल्या तिथे कळतं. पेणच्या एका दुकानदाराला तिने तो दाखवला, तर त्याने असा हात मागे घेतला जसा काय विंचूच पुढे केला. असलं काही माझ्या मालाला लावायचं नाही, म्हणाला. शेवटी तिच्या आईने रोह्यात चौकशी केली. तिथे एका दुकानात तेच मॉडेल होतं आणि दुकानदार पेनड्राईव्ह लावून द्यायला तयार होता.

जायचं ठरलं गुरुवारी आणि बुधवारी नातीला ताप भरला. मुलगा रोह्याच्याच एका कंपनीत, पण तिथे मोठ्या दुरुस्तीचं काम निघालेलं, एका शिफ्टला दुसरी शिफ्ट जोडून चाललेली. राहिले मी. सुनेने माझ्याकडून पाठ करून घेतलं: आधी पेनड्राईव्ह, मग वायफाय, मग आवाज, मग झाकण. गाडीत कासू गेलं, नागोठणं गेलं, मी आपली पुटपुटत होते. समोरच्या बाईला वाटलं माझा जप चाललाय, तिने पाय आवरून घेतले.

रोह्याला स्टेशनवर विहीण उभी होती. सुनेची आई म्हणजे तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. मला बघून म्हणाली, "या, विहीणबाई. गणपती सोडून आता हे घ्यायला निघालात काय?" मी म्हटलं, तुमच्याच मुलीचे लाड चाललेत.

दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलायला गोड. काउंटरवर एक लॅपटॉप उघडा मांडून ठेवलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावा म्हणून. त्याच्या कळा बोटं लागून लागून चकचकीत झालेल्या, झाकणावर एक चरा, फटीत बिस्किटाचा भुगा. मी पेनड्राईव्ह दिला. त्याने लावला. थोडा वेळ काळं, मग पांढरी अक्षरं धावली आणि एकदम रंगीत पडदा आला. मी पाठ केलेलं एकेक सांगत गेले. वायफाय बघा म्हटलं, तर दुकानाच्या वायफायचं नाव आलं, विहिणीच्या फोनचंसुद्धा आलं. आवाज बघा म्हटलं, तर आरती वाजली. झाकण मिटलं, उघडलं, पडदा पुन्हा जागा. विहीण माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी रोज हेच करते. खोटं कशाला बोलू, मलाही तसं वाटायला लागलं होतं.

मग त्याने आतून नवीन खोका आणला. टेप लावलेला, कोरा करकरीत. चाकू हातात घेऊन म्हणाला, "मावशी, हा उघडू ना? ह्यालापण लावून बघू."

आम्ही दोघी एकदम नको म्हणालो. ठरवून नाही बरं का. माझा हात आपोआप खोक्यावर गेला आणि विहिणीचा माझ्या हातावर.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. गणपती कारखान्यातून नेताना त्याचं तोंड झाकतात. माणूस येतो, मूर्ती निवडतो, पाट ठेवून जातो. न्यायच्या दिवशी आम्ही मूर्ती पाटावर ठेवतो आणि चेहऱ्यावर नवा रुमाल टाकतो. तो रुमाल वाटेत निघत नाही, घरी पोचल्यावरच काढायचा. मी स्वतः आखलेल्या डोळ्यांवर स्वतःच्या हाताने किती रुमाल टाकले असतील, त्याचा हिशेब नाही. तेव्हा घरात पहिल्यांदा येणारी, पोरीचं नशीब उघडणारी वस्तू, आणि तिचं तोंड भर बाजारात चाकूने उघडायचं? मनच होईना.

विहीण त्याला म्हणाली, "दादा, हे आमच्याकडे चालत नाय. ह्या गणपतीवाल्या हायत, त्यांना विचारा."

तो हसला. म्हणाला, तसा फरक काही नाही, दोन्ही एकच मॉडेल आहेत.

"एकाच साच्यातले ना?" मी विचारलं.

"एकाच," तो म्हणाला.

संपलं. एका साच्यातून शंभर मूर्ती निघाल्या तरी सोंड तीच, पोट तेच. आमच्याकडे गिऱ्हाईक दर्शनी भागातला नमुना बघतं आणि आतली कोरी मूर्ती घेऊन जातं. मी तेच केलं. विहिणीने बाजूच्या दुकानातून नवा रुमाल आणला, खोक्यावर बांधला, आणि तो मांडीवर घेऊन मी परत आले. सुनेने दारातच विचारलं, सगळं चाललं का. सगळं चाललं म्हटलं. नातीचा ताप उतरत होता. खोका रात्रभर देवासमोर राहिला.

शुक्रवारी सकाळी हळदकुंकू लावून तिने तो उघडला. आधीचा विकतचा कारभारी पुसला आणि लिनक्स आत घातली. माझा तिच्यावर भरवसा आणि तिचा माझ्यावर. पडदा उजळला. मी नातीला कडेवर घेऊन कौतुकाने बघत उभी. मग तिचं बोट एका कोपऱ्यात थांबलं. तिथेच परत परत दाबत राहिली. बंद केलं, चालू केलं, पुन्हा तिथेच.

"आई, दुकानात वायफाय दिसलं होतं ना?"

"दिसलं की. दुकानाचं नाव आलं, तुझ्या आईच्या फोनचं आलं."

"ह्याच्यावर?"

"ह्याच्यावर कसं येईल? ह्याचं तोंड तर बांधलेलं होतं. त्या मांडून ठेवलेल्यावर बघितलं."

ती उठली, नातीच्या कपाळाला हात लावला, आत गेली, पाणी प्याली, परत येऊन बसली. नातीला आता ताप नव्हता आणि ते तिलाही माहीत होतं. तिला फक्त तेवढा वेळ माझ्याकडे पाठ करायची होती. काय झालं ते मला अजून नीट कळलं नव्हतं, पण आपण काहीतरी फार मोठं करून ठेवलंय हे अंगाला कळलं होतं.

तिने फोनची वायर लावून बघितली. नेट आलं, पण आमच्याकडे रेंजचं काय सांगावं. फोन तापला आणि थोड्या वेळात नेट गेलं. बाहेरून जोडायचं छोटं वायफाय मिळतं म्हणे, पण लिनक्सला चालणारं पेणला कोणाकडे नव्हतं आणि पार्सलने मागवायचं तर सोमवार उलटून जाणार. दुकानदाराला फोन केला. तो वाईट वाटून म्हणाला, उघडलेला आणि पुसलेला माल कंपनी परत घेत नाही, मी काय करू. मग तिने ती लोकं लिहितात त्या ठिकाणी आपली अडचण लिहिली. लॅपटॉपच्या पोटात काय काय आहे ते लिनक्सकडूनच वदवून घेऊन तेही खाली जोडलं.

दुपारी उत्तर आलं. कुठल्या देशातला माणूस, बाई की बाप्या, काही ठाऊक नाही. त्याने लिहिलं होतं की ह्या मॉडेलचे सगळे लॅपटॉप आतून एक नसतात. कंपनीला जो भाग त्या वेळी मिळतो तो ती बसवते. आधीच्या लॅपटॉपांत एका बनवणाऱ्याचं वायफाय होतं आणि ते छान चालतं. नंतरच्यांत दुसऱ्याचं आहे आणि ते अजून लिनक्सला कळत नाही. बदलताही येत नाही, कारण पातळ लॅपटॉप म्हणून तो भाग आतल्या मुख्य पाटीवरच कायमचा डकवून टाकलाय. नाव तेच, रंग तोच, खोका तोच.

हे तिने मला वाचून दाखवलं. लॅपटॉपचं मला नवीन होतं, पण हे नवीन नव्हतं. प्लास्टरच्या मूर्तीत मजबुतीला काथ्या घालतात. घाईच्या दिवसांत काथ्या संपला की कोणी कोणी हाताला येईल ते कोंबून मोकळं होतं. साचा तोच, वरून रंग तोच, माझ्यासारखीने आखलेले डोळेही तेच. आत काय आहे ते मूर्ती हातातून सुटेपर्यंत कळत नाही. सगळा जन्म ह्यात गेलेली बाई मी, आणि दुकानात जाऊन विचारून आले की एकाच साच्यातले ना.

थोड्या वेळाने मी विचारलं, त्या उत्तर देणाऱ्याला काय द्यायचं. काहीच नाही, ती म्हणाली. मी म्हटलं, एक हातभर मूर्ती पाठवू, पत्ता विचार. तेव्हा ती त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

"आई, त्याचंपण असंच कधीतरी अडलं असणार. दुसरं काय."

घरचं माणूस नाही, ओळखीचं नाही, आणि सुनेने लिहिलेलं सगळं वाचून, विचार करून, एवढं सविस्तर लिहून पाठवलेलं. आमच्या गल्लीत एकाचा रंग फाटला तर दुसरा कारण माहीत असून सांगत नाही. मी बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत बसले. इंग्रजी होती, मला वाचता येत नव्हती, तरी बघत बसले.

शनिवारी सकाळी मी तिला म्हटलं, चल रोह्याला. ती म्हणाली, आता काय उपयोग. मी म्हटलं, उपयोग नसला तर तुझ्या आईकडे जेवून येऊ. नातीला ह्यांच्या ताब्यात दिलं आणि निघालो. खरं म्हणजे माझ्या डोक्यात एक गोष्ट होती, पण ती तिला सांगायचा धीर होत नव्हता.

दुकानदाराने आम्हाला बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. भांडायला आल्या असं वाटलं असणार. आणखी दोन बंद खोके आहेत म्हणाला, पण उघडायचे तर विकतच घ्यावे लागतील. आणि एकाच वेळी आलेला माल, तेव्हा तेही नंतरचेच असणार. सून म्हणाली, बरोबर. मी काउंटरवरच्या त्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"हा द्या."

"मावशी, हा? अहो, हा नको म्हणून लोकं भांडतात माझ्याशी. दिवसभर पोरं हात लावतात ह्याला. आणि त्याची वॉरंटी सुरू होऊन कितीतरी दिवस झाले."

विहीण माझ्या कानाशी आली. "विहीणबाई, उष्टं घेताय काय पोरीला?"

"व्हय," मी म्हटलं. "उष्टं हाय, पण शिजलेलं हाय."

सून माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं असावं की सासू रागाच्या भरात बोलतेय. पण मी तिला म्हटलं, ह्याच्या पोटात काय आहे ते बघितलेलं आहे ना, मग चरा पडू दे की.

दुकानदार विचारात पडला. त्याच्याही बाजूने बघा, पुसलेला लॅपटॉप परत घेऊन तो काय करणार? तेव्हा सून पुढे झाली. म्हणाली, ह्यात आधी जे होतं ते मी इथेच बसून परत घालून देते. नेहमीच्या गिऱ्हाइकाला ह्यात काहीच अडचण नाही, वायफायसकट सगळं चालेल. तुम्ही हा मांडून ठेवा. त्याने थोडा वेळ चष्मा पुसला आणि मग तिला खुर्ची दिली. जेवणाची वेळ टळून गेली तरी ती तिथेच बसली होती. विहिणीने डबा दुकानातच आणला. त्याने नव्या लॅपटॉपवर सगळं चालतंय हे स्वतः बघितलं, मग तो काउंटरवर मांडला, आणि चरा पडलेला आमच्या हातात दिला. द्यायच्या आधी सुनेने पेनड्राईव्ह परत लावला, स्वतःच्या हाताने. मी शेजारी उभी राहून सगळं बघितलं, दोनदा.

गाडीत तिने तो मांडीवर उघडला आणि नागोठण्यापर्यंत नखाने फटीतला बिस्किटाचा भुगा काढत राहिली. पेण आलं तेव्हा तिने माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली होती, ती हमरापूर येईपर्यंत परत दिली नाही.

सोमवारी ह्यांना सांगून रंगाच्या फवाऱ्याचा कंप्रेसर बंद ठेवायला लावला, फार आवाज करतो तो. सून आतल्या खोलीत बसली. मी नातीला घेऊन दाराच्या फटीशी. पडद्यावर लहान लहान चौकोन, प्रत्येकात एक चेहरा. एक माणूस एकेकाला बोलावून त्याचं मशीन बघत होता. सुनेचा नंबर आला. तिने काहीतरी टाइप केलं, अक्षरं धावली, तो एक शब्द बोलला आणि पुढच्याकडे गेला. बस, एवढंच. इतक्या दिवसांची धडधड आणि तिकडे एका शब्दात काम झालं.

मी देवाला हात जोडणार, तेवढ्यात पुढच्या चौकोनातली पोरगी बोलायला लागली. आमच्या सुनेच्याच वयाची. ती काहीतरी समजावत होती, हात हलवत होती. तो माणूस शांतपणे ऐकत होता. मग तिचा चौकोन नाहीसा झाला. बाकीचे चौकोन सरकले आणि तिची जागा भरून निघाली. ती कुठे होती हेसुद्धा मला दाखवता आलं नसतं. तिच्याही दाराआड कोणी उभं असेल. मी सुनेला नंतर विचारलं, तिचं काय अडलं होतं. ती म्हणाली, आई, वायफाय. आनंदाचा दिवस होता, घरात शिरा केला, पण माझ्या वाटीतला मी नातीलाच भरवला. अजून कधी आखणी करताना ती पोरगी आठवते आणि हात थबकतो.

सुनेने त्याच दिवशी काम संपल्यावर आपली सगळी हकिगत त्या ठिकाणी लिहून टाकली, जिथे तिला उत्तर मिळालं होतं. कुठलं वायफाय चालतं, कुठलं नाही, दुकानात काय बघून घ्यायचं, सगळं. आणि वर लिहिलं की घेताना बंद खोका घेऊ नका, तुमच्या हातात येणाराच उघडून बघा. मी म्हटलं, माझं नाव घालू नको म्हणजे झालं. म्हणाली, नाव कोण घालतंय.

तर आता तिचं काम रुळलंय. सकाळी नात अंगणवाडीत जाते आणि ही आत बसते. म्हणून सांगते, याच तुम्ही, पण शनिवार-रविवार बघून या, म्हणजे तीही भेटेल. मधल्या वारी आलात तर पुढच्या दारातून हाक मारू नका, तिची मीटिंग असते. मागच्या बाजूने शेडमध्ये या, मी तिथेच सापडेन. विहिणीने रोह्याचे कडवे वाल पाठवलेत, आदल्या दिवशी कळवलंत तर भिजत घालीन, मोड आणायला वेळ लागतो. आणि लॅपटॉप घ्यायचा मनात असेल तर आधी आमच्याकडे या, मग दुकानात जा. फार दिवस लावू नका. ह्याच महिन्यात या.